झोपलेला टीबी आणि बाबांचा बस्तर दौरा

सिस्टरनं माझ्या उजव्या हातावर पेनानं एक गोल काढला आणि बजावलं, "मॅडम, इसको रगड़ना नहीं. परसों दिखाना." गोलाच्या मधोमध तिनं बारीक सुईनं थेंबभर औषध कातडीत टोचलं होतं. जागा सुजून वर आली तर माझ्या अंगात टीबीचे जंतू आहेत असं धरायचं, नाही आली तर नाहीत, एवढं मला समजलं होतं. डावा हात डायलिसिसचा. त्यातल्या रक्तवाहिन्या मुद्दाम जोडून जाड केलेल्या, त्यामुळे त्या हाताला डायलिसिसवाल्यांखेरीज कुणी सुई लावायची नाही आणि त्यावर डोकं ठेवून झोपायचंही नाही. उरला उजवा. त्याच हातानं मी फळ्यावर लिहिते, आणि दोन दिवस वर्गातली पोरं नकाशाऐवजी माझ्या हातावरचा गोलच बघत होती.

मी अरेरा कॉलनीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. आजोबांचं सरकारी ऑफिस नागपूरहून भोपाळला आलं, त्यांच्यामागे बाबाही याच सरकारात नोकरीला लागले, आणि मी तर इथलीच. घरात मराठी, घराबाहेर हिंदी, आणि घाईत असले की दोन्हींची खिचडी. ब्लडप्रेशरकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला, त्याचा हिशेब मूत्रपिंडांनी एकदम मागितला. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार शाळा सुटली की मी थेट डायलिसिसला जायचे. चार तास मशीनला जोडलेलं पडून राहायचं, रक्त बाहेर जाऊन धुऊन परत यायचं, आणि तेवढ्या वेळात मी वह्या तपासायचे. वह्या कधी नव्हे त्या वेळेवर परत मिळू लागल्या, असं मुख्याध्यापिका म्हणायच्या.

मग नवऱ्यानं जाहीर केलं की त्याचं एक मूत्रपिंड तो मला देणार. भाजी आणायला जातो म्हणावं तशा सुरात त्यानं हे सांगितलं. त्याचा रक्तगट जुळला, माझ्या मूत्रपिंडांच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या, आणि आम्हा दोघांच्या तपासण्यांची यादी सुरू झाली. दात, डोळे, हृदय, पोट. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी तपासलं नव्हतं तेही या लोकांनी तपासलं. हातावरचा गोल त्याच यादीतला.

परवा आला. गोल होता तसाच सपाट.

"पास झालीस," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. त्या नेहमी हिंदीत बोलतात आणि समोरच्याला समजेपर्यंत दमानं बोलतात. त्यांनी सांगितलं की डायलिसिसवर असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती इतकी मंदावलेली असते की जंतू आत असले तरी कातडी उठत नाही. म्हणून आता रक्ताची वेगळी तपासणी करू. ती केली. आठवड्यानं रिपोर्ट आला, त्यात पॉझिटिव्ह लिहिलं होतं.

मी विचारलं, "म्हणजे मला टीबी झालाय?"

"नहीं," त्या म्हणाल्या. "टीबी के कीड़े आपके अंदर हैं, पर सोए हुए हैं. बीमारी नहीं है. खाँसी है? बुखार? वज़न गिरा?"

खोकला नाही, ताप नाही. वजन तर डायलिसिसच्या दोन खेपांमध्ये पाणी साचून उलट वाढतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. खात्रीसाठी स्कॅनही केला, तोही स्वच्छ निघाला. तेव्हा त्यांनी कागदावर दोन माणसं काढून समजावलं. त्यांची चित्रकला अशी की दोन्ही माणसं बटाट्यासारखी दिसत होती. एक बटाटा आजारी, तो खोकतो आणि दुसऱ्याला लागण करतो. दुसरा माझ्यासारखा, त्याच्या आत जंतू नुसते पडून आहेत. तो कुणालाही काही देत नाही, आणि एरवी धडधाकट असेल तर बहुतेक वेळा ते जन्मभर झोपूनच राहतात. पण मूत्रपिंडं गेलेल्यांच्या शरीरात ते जागे होण्याचा धोका जास्त. त्यात नवीन मूत्रपिंड बसवलं की शरीरानं ते परकं म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती आणखी दाबायची औषधं जन्मभर घ्यायची. मग जंतूंना रान मोकळं. म्हणून आधी त्यांचा बंदोबस्त. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, मूठभर गोळ्या. माझ्यासाठी शनिवार ठरला, डायलिसिस संपल्यावर, कारण आधी घेतल्या तर औषधाचा काही भाग मशीनच धुऊन नेणार.

संध्याकाळी जेवताना मी हे आईला सांगितलं. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत. मी शक्य तितकं हलकं करून सांगितलं, बटाट्यांचं चित्रही सांगितलं. आईच्या हातातला घास हातातच राहिला.

"इंजेक्शनं नाही देत?" तिनं विचारलं. "स्ट्रेप्टोमायसिनची?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आई चौथीपर्यंत शिकलेली. क्रोसीनला ती 'ती पांढरी गोळी' म्हणते.

"तुला कसं ठाऊक ते नाव?"

"ऐकलंय कुठंतरी," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर मोठं पातेलं चढलेलं, आणि त्यात माझं ताट, माझी वाटी आणि माझा पेला खळखळ उकळत होते. मी म्हटलं, "आई, अगं माझ्यापासून कुणाला काही होत नाही." ती म्हणाली, "उकळल्यानं काही बिघडतं का?" नवऱ्यानं मात्र त्याच दिवसापासून माझ्या ताटातली पोळी उचलून खायला सुरुवात केली. त्याला पोळी माझ्या ताटातलीच गोड लागते असं दिसलं. आठवड्याभरात पातेलं फडताळात गेलं.

डायलिसिसच्या खोलीत मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. माझ्या शेजारच्या पलंगावर एक आपा असायच्या. सगळे त्यांना आपाच, म्हणजे ताई, म्हणायचे, मीही. साठीच्या, अस्सल भोपाळी. जरीकामाचे बटवे करण्यात त्यांची बोटं तयार, पण सुया टोचून एक हात अडकलेला, म्हणून चार तास त्या दुसऱ्या हाताऐवजी तोंड चालवायच्या. सुनेच्या कागाळ्या, शेजारणीची बकरी, मशीनचा आवाज, काहीही चालायचं. मला त्यांची सवय झाली होती. त्यांच्यामुळे वह्या तपासताना चुका राहायच्या, पण वेळ जायचा.

पहिल्या शनिवारी सिस्टर माझ्या गोळ्या घेऊन आली. ही केरळची, कामाला चोख, हिंदी तिच्या स्वतःच्या चालीवर बोलणारी. तिनं खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मॅडम, ये टीबी का दवाई. डरना नहीं, पेशाब लाल आएगा."

"किसका?" मी विचारलं.

ती थबकली. माझी लघवी बंद होऊन वर्ष उलटलं होतं. समोरच्या पलंगावरचे काका हसले, मग सिस्टरही हसली, आणि म्हणाली की मग घाम आणि डोळ्यांचं पाणी केशरी येईल, तेव्हा घाबरू नका. पण आपा हसल्या नाहीत. त्यांच्या कानात एकच शब्द शिरला होता. त्यांनी ओढणी नाकावर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. मंगळवारी मी गेले तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. आपा खिडकीजवळच्या कोपऱ्यात, माझ्यापासून खोलीतलं सगळ्यात लांबचं ठिकाण गाठून बसल्या होत्या.

मला राग आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी बटाट्यांचं चित्र तिथूनच ओरडून सांगण्याच्या बेतात होते. पण आपा डोळे मिटून पडल्या होत्या, आणि झोपल्या नव्हत्या हे त्यांच्या पापण्यांवरून कळत होतं. मी वह्या काढल्या. त्या दिवशी एकही चूक राहिली नाही.

गोळ्या घेणं हा आणखी एक सोहळा. डायलिसिसवाल्यानं दिवसभरात पाणी मोजून प्यायचं असतं, आणि मूठभर गोळ्या काही कोरड्या उतरत नाहीत. एकेक गोळी एकेक घोटानं घेतली तर संध्याकाळचं सगळं पाणी तिथंच संपायचं. आईनं यावर तोडगा काढला. शनिवारी ती डब्यात थोडा मऊ शिरा द्यायची, आणि मी एका घासात एक गोळी खुपसून गिळायचे. औषध खाण्याबरोबरच घ्यायचं होतं, त्यामुळे डॉक्टरीणबाईंचीही ना नव्हती. सिस्टर हे दर वेळी नवं काही बघतेय अशा कौतुकानं बघायची. सहाव्या खेपेपर्यंत तिनं शिऱ्याची कृती लिहून घेतली होती.

तिसऱ्या शनिवारी घरी आल्यावर मला हुडहुडी भरली. अंग तापलं, सांधे दुखू लागले. फोन केला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या औषधानं काहींना असा फ्लूसारखा त्रास होतो, बहुधा रविवार संपेपर्यंत उतरेल, नाही उतरला तर लगेच या. नवरा बिट्टन मार्केटच्या आठवडी हाटातून भाजी आणायला गेला होता. मी पांघरूण घेऊन पडले होते आणि आई पायाशी बसून माझे तळवे चोळत होती. चोळता चोळता ती थांबली.

"तुझे बाबा बस्तरला नव्हते गेले," ती म्हणाली.

मला वाटलं तापात मी काहीतरी भलतंच ऐकलं.

इथे बाबांच्या बस्तरबद्दल सांगायला हवं. मी सात वर्षांची असताना बाबा पाच महिने दौऱ्यावर गेले होते. बस्तर तेव्हा आमच्याच राज्यात होतं. तिथून त्यांची पत्रं यायची, आई ती मला वाचून दाखवायची. इंद्रावती नदी, सागाची रानं, मोहाच्या फुलांचा वास, हाटात बांबूच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका. परत आल्यावर तर बाबांकडे गोष्टींची खाणच होती. संध्याकाळी ते सरकारी क्वार्टरच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे, मी व्हरांड्याच्या पायरीवर, आणि ते सांगायचे. ते आलेत याचा आनंद होता, पण एक गोष्ट मला बोचायची. पूर्वी मी त्यांच्या कुशीत झोपायचे. आल्यानंतर त्यांनी मला कितीतरी महिने मांडीवर घेतलं नाही. "तिथूनच ऐक," म्हणायचे. मी मोठी झाले म्हणून असेल असं मी स्वतःच ठरवून टाकलं. पण गोष्टी ऐकत राहिले, नकाशात बस्तर शोधत राहिले, आणि भूगोल माझा झाला तो तिथून. बावीस वर्षं मी दरवर्षी वर्गात सांगत आलेय की माझे वडील बस्तरमध्ये राहून आलेत.

"मग कुठं गेले होते?" मी विचारलं.

"इथंच. भोपाळमध्ये. टेकडीवरच्या टीबीच्या हॉस्पिटलात."

आई सांगत गेली, तेही अगदी सरळ, कालची गोष्ट असावी तशी. बाबांना दोन महिने खोकला होता. मग एका सकाळी रुमालावर रक्त दिसलं. नेमकं तेव्हाच माझ्या आत्याचं लग्न ठरत होतं. भावाला क्षय आहे असं कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांनी आमच्या नळाला हात लावला नसता. म्हणून दोघांनी मिळून दौरा ठरवला. ऑफिसात फक्त बाबांच्या साहेबांना आणि एका शिपायाला खरं ठाऊक होतं. पत्रं तो शिपाई आणायचा, म्हणूनच आईनं मला कधी पाकीट बघू दिलं नाही. त्यावर तिकीटच नसायचं. आई दर बुधवारी देवळात जाते म्हणून सांगून बस बदलून टेकडीवर जायची आणि खिडकीबाहेरून त्यांच्याशी बोलून परत यायची.

"पण मग बस्तर?" मी म्हटलं. "नदी, हाट, ती मोहाची फुलं?"

"त्यांच्या शेजारच्या खाटेवर बस्तरमधल्याच जगदलपूरचा एक मास्तर होता. दिवसभर दोघांना दुसरं काम काय. तो सांगायचा, हे लिहून काढायचे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तापात दोन्ही एकदम जमतं. बाबा आयुष्यात कधी रायपूरच्या पलीकडे गेले नव्हते. जगदलपूरच्या त्या मास्तरांचा भूगोल मी बावीस वर्षं शिकवत होते, आणि तो बरोबर होता, हे त्यातलं आणखी विशेष.

"आणि मला जवळ घेत नव्हते ते..."

"डॉक्टर म्हणाले होते आता कुणाला होणार नाही. पण त्यांचा विश्वास बसेना. वर्षभर गोळ्या बिस्किटाच्या डब्यात लपवून घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. तू झोपलीस की तुझ्या दाराशी येऊन उभे राहायचे, आत यायचे नाहीत." आईनं पदर डोळ्यांना लावला. "आजारी पडायच्या आधी तू त्यांच्याच कुशीत झोपायचीस गं. तेव्हा ते खोकायचे. मी तुला बाजूला घ्यायला हवं होतं. मला तरी काय माहीत."

पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ ही बाई हे गिळून बसली होती, आणि माझ्या रिपोर्टनं तिला पुन्हा टेकडीवर नेऊन उभं केलं होतं. मी उठून तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भरपूर रडले. मग डोळे पुसायला आईचाच पदर घेतला. आई एकदम किंचाळण्याच्या बेतात आली. तिच्या पांढऱ्या पातळाच्या पदरावर फिकट केशरी डाग पडले होते.

"रक्त," ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला.

"अगं रक्त नाही, गोळ्यांचा रंग आहे. सिस्टरनं सांगितलं होतं." आणि मग मी जी हसत सुटले ती नवरा भाजी घेऊन दारात येईपर्यंत. त्यानं एकीला ताप, दुसरीच्या पदरावर डाग आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी असा देखावा पाहिला, आणि पिशवी खाली ठेवून शहाण्यासारखा चहा करायला गेला.

पुढच्या मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंना बाबांबद्दल सांगितलं आणि विचारलं, "हे जंतू त्यांचेच का?" त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. असतीलही. किंवा बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणाचे, किंवा कुठल्या वर्गातले. आपल्याकडे कितीतरी लोक हे अंगात घेऊन हिंडतात आणि त्यांना कधी कळतही नाही. जंतूवर नाव लिहिलेलं नसतं. मी घरी येऊन आईला हे दोनदा सांगितलं. डॉक्टर म्हणतात नक्की काही नाही, तुझा काही दोष नाही. आईनं ऐकून घेतलं. पटलं का ते मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून ती बाबांबद्दल न विचारताही बोलू लागली. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना पेटीवर भजनं म्हणायची हौस होती, बाबांनी तिथं पत्ते शिकून घेतले, हॉस्पिटलची डाळ इतकी पातळ असायची की बाबा तिला इंद्रावती म्हणायचे. रोज काहीतरी नवं निघायचं. मला माझ्या सात वर्षांच्या वयातले ते पाच महिने थोडे थोडे परत मिळत होते.

वर्गात मी खरं सांगितलं का? सांगितलं. बस्तरचा धडा आला तेव्हा म्हटलं, माझे वडील तिथं गेले नव्हते, त्यांनी ते एका मित्राकडून ऐकलं होतं, आणि टीबीच्या हॉस्पिटलात ऐकलं होतं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅम, फिर वो ठीक हो गए?" मी म्हटलं, बरे झाले, आणि पुढं तीस वर्षं जगले. तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाकीच्यांना मधल्या सुट्टीची घाई होती.

पाचव्या शनिवारी मी डायलिसिसला गेले तर आपा माझ्या शेजारच्या पलंगावर परत आलेल्या. सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं. मग त्यांनीच खाकरून सुरुवात केली.

"हमारी भी जाँच कराई डॉक्टरनी ने."

"अच्छा," मी म्हटलं.

"हमारे भी सो रहे हैं."

त्यांनाही गोळ्यांसाठी माझ्यासारखा शनिवारच मिळाला होता. त्या ओढणीचं टोक चुरगाळत होत्या. मी त्यांना बटाट्यांचं चित्र वहीच्या मागच्या पानावर काढून दिलं. माझी चित्रकला डॉक्टरीणबाईंपेक्षा बरी आहे. आपांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "तो उस दिन हम यहाँ से उठ के गए, वो फ़िज़ूल था?"

"बिलकुल फ़िज़ूल."

"माफ़ करना बाजी," मला बहीण म्हणत त्या म्हणाल्या. "वो लफ़्ज़ ही ऐसा है." आणि मग, विषय एकदाचा संपला असं समजून, त्यांनी बकरीची राहिलेली हकीकत सुरू केली. मी शिऱ्याचे दोन घास त्यांना देऊ केले. पुढच्या शनिवारी त्यांच्या सुनेनं शेवया धाडल्या, आणि दोघींच्या गोळ्या त्यातून उतरल्या.

सगळं असंच गमतीत पार पडलं असं नाही. सातव्या आठवड्यात माझं ब्लडप्रेशर चढू लागलं. या गोळ्या ब्लडप्रेशरच्या गोळीचा जोर कमी करतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि औषध बदलून दिलं. दोन आठवडे डोकं ठणकत होतं. वर्गात खडू हातातून गळायचा. नवव्या शनिवारी मी घरी येऊन म्हटलं, आता पुरे, नऊ झाल्या, आणखी तीन न घेतल्या तर काय आभाळ कोसळणार आहे. नवरा समजावू लागला. आईनं त्याला हातानंच थांबवलं.

"पाचव्या महिन्यात तेही असंच म्हणाले होते," ती मला म्हणाली. "खिडकीतून. मला म्हणाले, बरं वाटतंय, मला घरी ने. मी तिथं उभी राहून नुसती रडले. मला दुसरं काय येत होतं? मग राहिले बिचारे."

एवढंच बोलून ती शिऱ्यासाठी रवा भाजायला घेऊन बसली. पुढच्या शनिवारचा, आठवडाभर आधी. उरलेल्या तीनही खेपा मी घेतल्या. बाराव्या शनिवारी सिस्टरनं माझ्या कागदावर शेवटची खूण केली आणि समोरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. आपांच्या अजून चार राहिल्या होत्या, त्या जरा रुसल्या.

थंडीत माझं ऑपरेशन झालं. नवऱ्याचं मूत्रपिंड माझ्यात आलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नळीतून उतरणारी लघवी बघायला मी सिस्टरला हाक मारली, एखादा नातू दाखवावा तशी. नवरा पलीकडच्या वॉर्डातून टाके धरून हळूहळू चालत आला आणि म्हणाला, "माझं काम करतंय ना नीट? नाहीतर परत घेऊन जातो." तेव्हापासून दर महिन्याला तपासण्या होतात, रोज ढीगभर गोळ्या असतात, पण खोकला नाही, ताप नाही. झोपलेले जागे झालेले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही.

चार महिन्यांनी, बाहेरच्या माणसांना भेटायची परवानगी मिळाली तेव्हा आपा सुनेला घेऊन घरी आल्या. त्यांचं डायलिसिस चालूच आहे, पण गोळ्या संपल्यात आणि त्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान आहे. आई आणि त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. मी मास्क लावून बाल्कनीत खुर्ची टाकली, सून माझ्याजवळ बसली. आत दोघींचा चहा चालला होता. आईचं हिंदी साठ वर्षं भोपाळात राहूनही नागपूरचंच आहे.

"हमारे इनको भी टीबी हुआ था," आईचा आवाज आला. "टेकडी पे थे पाँच महीना. हम सबको बोले, दौरे पे गये."

दोघींची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

"अरे, हमारे ससुर को भी था," आपा म्हणाल्या. "हमारे यहाँ उसको दमा बोलते थे. बीस साल दमा ही बोला."

"मग? ठीक हुए?"

"कहाँ ठीक हुए. इलाज तो दमे का चला न."

मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला, आणि आईनं त्यांना आणखी चहा घ्या म्हणून आग्रह सुरू केला. आपांना पाणी मोजून प्यायचं असतं हे सांगायला मी उठत होते, तेवढ्यात आपांनी स्वतःच सांगितलं, "आधा कप, बहन. बस आधा." सून मला हळूच म्हणाली, "घर पे तो हमारी सुनती नहीं." आत पुन्हा गप्पा सुरू झाल्या, आता दोघी एकदमच बोलत होत्या.